मित्रराष्ट्रांबरोबर सायबर संशोधन करायचे, तर त्याला कायद्याचा आधार द्या
महाराष्ट्र आणि गोव्याच्या खासदारांना खुले पत्र

सन्माननीय खासदार महोदय आणि महोदया,
सविनय नमस्कार.

१० ऑगस्ट २०१८ रोजी, शुक्रवारी, अमेरिकेच्या एफबीआयने बँकांना एक गोपनीय इशारा धाडला. येत्या काही दिवसांत जगभरच्या एटीएममधून एकाच वेळी पैसे उपसण्याचा मोठा डाव आहे, असे त्यात म्हटले होते. दुसऱ्याच दिवशी पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या ग्राहकांची बनावट कार्डे २८ देशांतल्या एटीएममध्ये चालू लागली. सुमारे १२ हजार व्यवहारांत जवळपास ७८ कोटी रुपये परदेशात निघाले, अडीच कोटी देशातल्या एटीएममधून गेले आणि सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्याच्या मार्गाने आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका बँकेत वळवले गेले. एफबीआयच्या इशाऱ्याची बातमी रविवारी एका अमेरिकी पत्रकाराने फोडली, तोवर एटीएममधली लूट होऊन गेली होती.

ही चोरी कशी झाली हे थोडक्यात सांगतो, कारण आमची मागणी त्यातूनच येते. एटीएमची विनंती बँकेच्या स्विचकडे, म्हणजे संदेश पुढे धाडणाऱ्या सर्व्हरकडे, येते, स्विच ती कोअर बँकिंगकडे, म्हणजे खात्यांच्या मूळ प्रणालीकडे, पाठवतो, तिथे शिल्लक तपासली जाते आणि होकार किंवा नकार परत जातो. चोरांनी मध्ये एक बनावट स्विच बसवला. विनंती कोअर बँकिंगपर्यंत पोहोचतच नव्हती आणि ‘मंजूर’ हे उत्तर बनावट स्विचच देत होता. खात्यात पैसे किती, हा प्रश्नच कोणी विचारला नाही. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला अमेरिकेच्या तीन यंत्रणांनी मिळून अशाच पद्धतीच्या हल्ल्यांचा तांत्रिक इशारा जाहीर केला: स्विचच्या सर्व्हरवर मालवेअर (घातक प्रोग्रॅम), आयएसओ ८५८३ या संदेशपद्धतीत घुसवलेली खोटी उत्तरे, आणि बचावासाठी काय तपासावे याची यादी. आशिया आणि आफ्रिकेत हे प्रकार किमान २०१६ च्या अखेरीपासून चालू आहेत, असेही त्यात नोंदवले होते.

म्हणजे माहितीचे तुकडे जगात होते. कोणाकडे मालवेअरचा नमुना होता, कोणाकडे व्यवहारांचे लॉग (यंत्रणेने आपोआप ठेवलेल्या नोंदी), तर कोणाकडे पैसे कुठे मुरले याचा माग. पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरवले, पण ते इथल्या एटीएममधून रोकड काढणारे हस्तक होते. असे तुकडे वेळेत एकत्र यावेत, त्यांवर दोन-तीन देशांच्या प्रयोगशाळांनी मिळून काम करावे आणि निघालेला उपाय बँकांपर्यंत जावा, यासाठी भारतात आज कायदा नाही. तो करावा, ही या पत्राची विनंती आहे. महाराष्ट्रातून लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ सदस्य जातात, गोव्यातून ३. सत्तर जणांनी एकच गोष्ट लावून धरली तर तिची दखल घ्यावीच लागते.

करार आपल्याकडे आहेत, आणि चांगले आहेत. सर्ट-इन (सायबर घटनांना प्रतिसाद देणारी भारताची सरकारी संस्था) आणि अमेरिकेचा अंतर्गत सुरक्षा विभाग यांच्यातला सामंजस्य करार जानेवारी २०१७ मध्ये पुन्हा झाला. इस्रायलच्या राष्ट्रीय सायबर संचालनालयाशी जुलै २०२० मध्ये झाला. मे २०२२ मध्ये क्वाडच्या चार देशांनी सायबर सुरक्षेची संयुक्त तत्त्वे मांडली. पण सामंजस्य कराराने संशोधकाला कायद्याचे संरक्षण मिळत नाही, रुग्णालयाला किंवा वीज कंपनीला लॉग बाहेर देण्याचा अधिकार मिळत नाही आणि अर्थसंकल्पात एक रुपयाही राखला जात नाही. ज्या अधिकाऱ्याने सही केली त्याची बदली झाली की कागद तिथेच राहतो.

अमेरिकेने इस्रायलबरोबर काय केले ते पाहा. डिसेंबर २०१६ मध्ये तिथे संयुक्त संशोधनाचा कायदा झाला आणि अंतर्गत सुरक्षा विभागाच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य कार्यक्रमात सायबर सुरक्षा स्पष्ट शब्दांत आली. पुढे डिसेंबर २०२१ च्या संरक्षण कायद्यात एक स्वतंत्र कलम घातले गेले. सायबर संशोधनाच्या संयुक्त प्रकल्पांना अनुदान, २०२२ ते २०२६ या पाच आर्थिक वर्षांत दरवर्षी किमान ६० लाख डॉलर, आणि प्रकल्पाच्या खर्चाचा निम्मा वाटा अर्जदाराचा. रक्कम फार मोठी नाही. महत्त्वाचे हे की ती कायद्यात लिहिली आहे, त्यामुळे सरकार बदलले, अधिकारी बदलले तरी विद्यापीठाला पाच वर्षांचा विचार करता येतो. या दोन देशांचे औद्योगिक संशोधनाचे संयुक्त प्रतिष्ठान १९७७ पासून चालू आहे. सायबरचे कलम त्या जुन्या पायावर उभे राहिले. आपल्याकडेही २०१७ मध्ये इस्रायलबरोबर ४ कोटी डॉलरचा औद्योगिक संशोधन निधी उभारायचे ठरले होते. रचना नवी शोधायची गरज नाही.

आता अडचणींकडे येतो. सर्वात मोठी अडचण माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधली आहे. कलम ४३ प्रमाणे मालकाच्या परवानगीविना संगणकात शिरणे, त्यातली माहिती उतरवून घेणे, त्यात बाधक प्रोग्रॅम सोडणे, यासाठी भरपाई द्यावी लागते, आणि त्यात हेतू विचारला जात नाही. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. प्रामाणिक संशोधक कलम ६६ मधून शेवटी सुटेल, असे कोणी म्हणेल. पण गुन्हा नोंदवला जातो तेव्हा हेतू सिद्ध झालेला नसतो. लॅपटॉप आणि फोन मात्र त्याच दिवशी जप्त होतात आणि प्रकरण मिटेपर्यंत संशोधन बंद. शिवाय कलम ७५ मुळे भारतातल्या संगणकाशी संबंधित कृत्यासाठी परदेशात बसलेली व्यक्तीही या कायद्याच्या कक्षेत येते. एखाद्या परदेशी विद्यापीठाचा कायदा विभाग हे कलम वाचतो आणि भारतीय यंत्रणा अभ्यासातून वगळायला सांगतो. आपल्या सर्व्हरमधली भगदाडे मग तिथला संशोधक शोधत नाही, दुसरेच कोणीतरी शोधते.

बेल्जियमने यावर कायद्याने मार्ग काढला. फेब्रुवारी २०२३ पासून तिथे मालकाची पूर्वपरवानगी नसतानाही त्रुटी शोधणाऱ्याला संरक्षण आहे. अटी कडक आहेत: हेतू लबाडीचा किंवा इजा करण्याचा नको, त्रुटी दाखवण्यापुरतेच करायचे, संबंधित संस्थेला आणि देशाच्या सायबर केंद्राला लगेच कळवायचे, केंद्राच्या संमतीशिवाय जाहीर करायचे नाही. अमेरिकेत मे २०२२ मध्ये न्याय विभागाने आपल्या वकिलांना सांगितले की सद्भावनेने केलेल्या सुरक्षा संशोधनावर खटले भरू नका. हे केवळ धोरण आहे, कायदा नव्हे, म्हणून आम्हाला बेल्जियमची वाट अधिक पक्की वाटते.

आपल्याकडे कलम ४३ आणि ६६ ला जोडून असा अपवाद हवा: सुरक्षेतली त्रुटी शोधणे, पडताळणे किंवा दुरुस्तीस मदत करणे एवढ्याच हेतूने, गरजेपेक्षा अधिक माहिती न उतरवता, सेवा बंद न पाडता, आणि त्रुटी आढळल्यापासून ठरलेल्या मुदतीत सर्ट-इन व मालकाला कळवून केलेले कृत्य या कलमांखाली दंडनीय किंवा भरपाईस पात्र ठरणार नाही. सोबत हे स्पष्ट असावे की कलम ७० खालच्या संरक्षित यंत्रणांना, म्हणजे वीजजाळे, बँकांमधल्या मुख्य व्यवहारप्रणाली यांसारख्या अधिसूचित यंत्रणांना, हा अपवाद लागू नाही. तिथे एनसीआयआयपीसीची, म्हणजे अशा महत्त्वाच्या यंत्रणांचे रक्षण करणाऱ्या राष्ट्रीय केंद्राची, लेखी परवानगीच हवी. ‘गरजेपेक्षा अधिक’ म्हणजे काय तेही नियमांत उदाहरणासह लिहावे. एका रुग्णाची नोंद दुसऱ्याच्या लॉगिनने उघडते हे दाखवायला दोन चाचणी-खाती पुरतात. हजार नोंदी उतरवणारा संरक्षणाबाहेर.

दुसरी अडचण माहिती देण्या-घेण्याची, आणि याबाबत सविस्तर लिहितो, कारण प्रत्यक्ष काम इथेच फसते.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या. २०२१ च्या फेब्रुवारीअखेर एका अमेरिकी खासगी कंपनीने अहवाल दिला की चीनशी संबंधित एका गटाने भारतातल्या पाचपैकी चार प्रादेशिक भार प्रेषण केंद्रांना, म्हणजे वीजजाळ्याचा समतोल राखणाऱ्या केंद्रांना, लक्ष्य केले होते. राज्याच्या गृहमंत्र्यांनी घातपाताची शक्यता मांडली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी कारण मानवी चूक असल्याचे सांगितले. ज्या कंपनीने अहवाल लिहिला तिच्याकडे इंटरनेटवर बाहेरून दिसणाऱ्या हालचालींच्या नोंदी होत्या. आतल्या यंत्रणांचे लॉग, म्हणजे कोणत्या क्षणी कोणत्या उपकेंद्राला कोणती आज्ञा गेली, हे इथे होते. दोन्ही समोरासमोर ठेवल्याखेरीज असा प्रश्न सुटत नाही. ते समोरासमोर ठेवण्याची जागा आणि अधिकार कायद्याने निर्माण करावा लागतो.

त्यासाठी नमुने आणि लॉग देण्याची ठरलेली रीत हवी. आमच्या मते ती अशी असावी. लागण झालेला सर्व्हर बंद करण्याआधी त्याच्या मेमरीची प्रत घ्यायची, कारण आजची अनेक मालवेअर केवळ मेमरीत राहतात आणि वीज काढली की पुरावा जातो. मग डिस्कच्या दोन प्रती, दोन्हींचे एसएचए-२५६ हॅश (प्रत बदललेली नाही हे पडताळणारा अंकी ठसा) त्याच क्षणी नोंदवायचे. एक प्रत सीलबंद, न्यायालयासाठी: १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅश लिहावा लागतो आणि त्याचा दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. संशोधनाला जाते ती दुसरी प्रत, आणि तीही गाळून. ग्राहकांची नावे, खाते क्रमांक, मोबाइल क्रमांक काढून त्यांच्या जागी सांकेतिक क्रमांक घालायचे. सांकेतिक क्रमांकांची किल्ली भारताबाहेर जाता कामा नये.

एक साधी चूक वारंवार घडते. आपली प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. लॉगमध्ये वेळ लिहिलेली असते, पण ती कोणती हे लिहिलेले नसते. परदेशी विश्लेषक तिला जागतिक वेळ समजतो आणि दोन्हीकडच्या घटना साडेपाच तासांनी सरकतात. घटनेचे कारणच परिणामाच्या नंतर दिसते, आणि जुळणी चुकीच्या निष्कर्षापर्यंत जाते. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी संगणकांची घड्याळे सरकारी वेळ-सर्व्हरशी जुळवणे, लॉग १८० दिवस ठेवणे आणि ठरावीक घटना ६ तासांत कळवणे बंधनकारक केले आहे. घड्याळ जुळले म्हणजे काम झाले असे नाही. प्रत्येक नोंदीत ‘+०५:३०’ असा फरकही लिहिला जावा, एवढी एक ओळ नियमांत हवी.

माहिती कोणापुढे उघडायची यासाठी जगभरच्या प्रतिसाद गटांनी मान्य केलेली टीएलपी ही रंगांची पद्धत आहे. तिची दुसरी आवृत्ती ऑगस्ट २०२२ पासून वापरात आहे. लाल म्हणजे समोर बसलेल्यांपुरते, अंबर म्हणजे संस्थेत आणि तिच्या ग्राहकांत गरजेनुसार, हिरवा म्हणजे क्षेत्रातल्या सर्वांत, स्वच्छ म्हणजे खुले. पण हे केवळ संकेत आहेत. एका देशातला ‘अंबर’ कागद दुसऱ्या देशात माहितीच्या अधिकारात मागता येतो का, न्यायालय मागवू शकते का, हे त्या देशाचा कायदा ठरवतो. म्हणून विधेयकात असे कलम हवे की मित्रराष्ट्राकडून रंग लावून आलेली माहिती भारतात त्याच रंगाने वागवली जाईल. डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा, २०२३ च्या कलम १७ मध्ये संशोधनासाठी सवलत आहे. सायबर सुरक्षेचे संयुक्त संशोधन तिच्यात बसते, हेही विधेयकात लिहून टाकावे. नाहीतर आयपी पत्ता हा वैयक्तिक विदा आहे की नाही यावर प्रत्येक संस्थेचा वकील वेगळे मत देईल आणि फाइल पुढे सरकणार नाही.

निर्यात परवान्याचा विषय थोडक्यात. घुसखोरीची साधने आणि त्यांचे तंत्रज्ञान वासेनार व्यवस्थेच्या, म्हणजे शस्त्रे आणि संवेदनशील तंत्रज्ञानाच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या देशांच्या गटाच्या, नियंत्रण यादीत आहे. भारत डिसेंबर २०१७ मध्ये तिचा सदस्य झाला आणि निर्यातीला परवाना लागणाऱ्या वस्तूंची आपली स्कोमेट यादी तिच्याशी जुळते. ईमेलने तंत्रज्ञान पाठवणे हीसुद्धा निर्यात ठरते. वासेनारने त्याच महिन्यात त्रुटी कळवण्यासाठी आणि घटनेला प्रतिसाद देण्यासाठी होणाऱ्या तंत्रज्ञानाच्या देवाणघेवाणीला सूट दिली. परकीय व्यापार महासंचालनालयाने एका परिपत्रकात उदाहरणांसह सांगावे: मालवेअरचा नमुना पाठवणे, त्रुटी सिद्ध करणारा छोटा प्रोग्रॅम पाठवणे, मित्रदेशातल्या सहलेखकाशी चर्चा करणे, यांना परवाना लागत नाही. विकायला ठेवलेल्या पाळत ठेवण्याच्या साधनांना लागतो, आणि लागलाच पाहिजे.

पैशाबाबत आमचा प्रस्ताव: वर्षाला ५० कोटी रुपये, सलग ५ वर्षे. प्रत्येकी २ कोटींचे १५ प्रकल्प म्हणजे ३० कोटी, सामायिक चाचणी-मंचांना (हल्ल्यांचे प्रयोग करण्यासाठी उभारलेल्या यंत्रणांना) १०, नमुन्यांचे कोठार आणि ते सांभाळणाऱ्या माणसांना ५, विद्यावृत्ती, प्रवास आणि कायदेशीर साहाय्य यांना ५. आकड्यापेक्षा निधी देण्याची पद्धत महत्त्वाची. आपले आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते, अमेरिकेचे १ ऑक्टोबरला, इस्रायलचे १ जानेवारीला. तिकडचा हप्ता आला तेव्हा इकडचा नसतो, आणि इकडचा आला की ३१ मार्चला उरलेला परत जातो. म्हणून हा निधी वर्षाअखेर व्यपगत होणारा नसावा, आणि उपयोगिता प्रमाणपत्र प्रकल्पाच्या टप्प्याप्रमाणे मागावे. कनिष्ठ संशोधन विद्यावृत्ती आज महिना ३७ हजार आहे. याच कौशल्याला खासगी क्षेत्रात कितीतरी अधिक मिळते, तेव्हा या प्रकल्पांसाठी वेगळा दर ठरवल्याशिवाय माणसे टिकणार नाहीत.

चाचणी-मंचाचे महत्त्व एका उदाहरणाने कळेल. सिंगापूरच्या एका विद्यापीठात पाणी शुद्धीकरणाचा छोटा पण खराखुरा प्रकल्प संशोधनासाठी उभा आहे. २०१५ च्या अखेरीस तो ११ दिवस चालवून, ७ दिवस सुरळीत आणि ४ दिवस ३६ हल्ल्यांखाली, मिळालेली नोंद त्यांनी जगातल्या संशोधकांना मागणी केल्यावर दिली. भारतातलेही प्रबंध त्या नोंदींवर लिहिले जातात. आपल्या वीज उपकेंद्रांमधली उपकरणे, त्यांना दुरून आज्ञा देणारे आपले आयईसी १०४ पद्धतीचे संदेश, आपल्या चुका त्यात नाहीत. आयआयटी कानपूरच्या सायबर सुरक्षा केंद्रात औद्योगिक यंत्रणांवर काम होते, पुण्यात सी-डॅक ही प्रगत संगणनाची सरकारी संस्था आहे. उपकेंद्राचा एक मंच महाराष्ट्रात उभारून त्याच्या नोंदी मित्रराष्ट्रांना दिल्या, तर आपण मागणाऱ्यांच्या रांगेतून देणाऱ्यांच्या रांगेत जाऊ. मागितलेली माहितीही मग अधिक सहज मिळते.

काही कुंपणे विधेयकातच हवीत. या निधीतून हल्ल्याची किंवा पाळतीची साधने बनवली जाणार नाहीत. संयुक्त गटाला सापडलेली त्रुटी उत्पादकाला आधी कळवली जाईल, कोणत्याही देशाची गुप्तचर यंत्रणा ती रोखून धरणार नाही. दुरुस्तीची मुदत ९० दिवस, आणि त्रुटीचा प्रत्यक्ष गैरवापर सुरू झाला असेल तर त्याहून कमी. चीनने सप्टेंबर २०२१ पासून उत्पादकांना त्रुटी ४८ तासांत सरकारला कळवणे सक्तीचे केले आहे. दुरुस्ती होण्याआधीच सरकारी कपाटात न दुरुस्त झालेल्या त्रुटींचा साठा होतो, ती वाट आपण धरू नये. सर्ट-इनला नोव्हेंबर २०२३ पासून माहिती अधिकार कायद्यातून वगळले आहे, म्हणून या कायद्याखालच्या कामाचा वार्षिक अहवाल संसदेपुढे ठेवण्याचे बंधन आवश्यक आहे. किती नमुने गेले, किती आले, किती त्रुटी किती दिवसांत दुरुस्त झाल्या, एवढे तरी लोकांना दिसावे.

एकाच देशावर विसंबून चालत नाही, याचा इशारा एप्रिल २०२५ मध्ये मिळाला. जगभरच्या त्रुटींना क्रमांक देणारी सीव्हीई ही व्यवस्था अमेरिकी सरकारच्या एका कंत्राटावर चालते. ते १६ एप्रिलला संपत होते आणि अगदी शेवटच्या क्षणी ११ महिन्यांनी वाढवले गेले. सर्ट-इन स्वतः त्या व्यवस्थेत क्रमांक देणारी संस्था आहे. म्हणून विधेयकात ‘मित्रराष्ट्र’ म्हणजे एखाद-दुसरा देश न धरता, संशोधकांना परस्पर कायदेशीर संरक्षणाची हमी देणारा कोणताही अधिसूचित देश, अशी व्याख्या असावी.

मार्ग दोन आहेत. खासगी विधेयकाला, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेल्या विधेयकाला, एक महिन्याची सूचना लागते, आणि खर्चाचा भाग असल्याने वित्तीय ज्ञापन व राष्ट्रपतींची शिफारस लागते. आजवर अशी १४ विधेयकेच कायदा झाली, शेवटचे १९७० मध्ये, हे आम्हाला माहीत आहे. तरी ते मांडावे, कारण त्याने मसुदा सभागृहाच्या नोंदीत येतो आणि मंत्रालयाला उत्तर द्यावे लागते. दुसरा मार्ग जलद आहे: दळणवळण आणि माहिती तंत्रज्ञान विषयक स्थायी समितीने हा विषय तपासणीला घ्यावा, सर्ट-इन, एनसीआयआयपीसी, परकीय व्यापार महासंचालनालय आणि अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान यांना एकत्र बोलवावे. कलम ४३ आणि ६६ च्या अपवादासाठी तर निधीचीही गरज नाही. तेवढी दुरुस्ती आधी, स्वतंत्रपणे करता येईल आणि तीच आधी करावी.

येत्या अधिवेशनात आपल्यापैकी निदान एकाने तारांकित प्रश्न विचारावा: २०१७ आणि २०२० च्या करारांखाली आजवर किती संयुक्त संशोधन प्रकल्प झाले, त्यांवर किती खर्च झाला आणि त्रुटी कळवणाऱ्या किती व्यक्तींवर कलम ६६ खाली गुन्हे नोंदवले गेले? उत्तर आले की त्याला धरून मसुद्याची कलमे पक्की करता येतील. त्या कामाला बसण्याची आमची तयारी आहे.

आपले,
सायबर सुरक्षेचे संशोधन, अध्यापन आणि प्रत्यक्ष काम करणारे,
पुणे, मुंबई आणि पणजी